इस्राएली कोण? याकोबाचा वंशज की यहोवाचा भक्त?

प्रश्न असा आला आहे: जुन्या करारातला ‘इस्राएली’ म्हणजे याकोबाच्या (त्याचेच दुसरे नाव इस्राएल) बारा मुलांच्या रक्तातून आलेला माणूस, की यहोवाला देव मानणारा कुणीही? आणि नव्या करारातला प्रेषित पौल म्हणतो की इस्राएलातून जन्मलेले सगळेच इस्राएल नव्हेत, तर मग श्रद्धेमुळे आपण, म्हणजे इतर राष्ट्रांतले ख्रिस्ती, खरे इस्राएल झालो का?

जुना करार शिकवताना हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच निवडलेले असते. काहींना ‘सगळे रक्तावर होते’ हे ऐकायचे असते, काहींना ‘रक्ताला काही किंमतच नव्हती’ हे. माझे मत: रक्त पुरेसे नव्हते आणि श्रद्धाही पुरेशी नव्हती. बाहेरचा माणूस इस्राएली होई तो एखाद्या इस्राएली घरात, गावात, सणावारात मुरल्यामुळे, आणि तो मुरला की पुढे कधीतरी त्याला वंशावळीत जागा मिळे. बहुसंख्य लोक जन्मानेच इस्राएली होते हे उघड आहे. पण व्याख्या कळते ती काठावरच्या माणसांवरून, म्हणून मी त्यांच्याकडेच पाहणार आहे.

नामानापासून सुरुवात करू (२ राजे ५). अरामाच्या राजाचा हा सेनापती कोडी होता. अलीशा या इस्राएली संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तो यार्देनेत सात बुड्या मारतो, बरा होतो आणि कबूल करतो की इस्राएलाखेरीज साऱ्या पृथ्वीवर कुठेही देव नाही. परक्याच्या तोंडून श्रद्धेचा याहून ठाम उच्चार जुन्या करारात शोधावा लागेल. पुढे तो मागतो काय? दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती, कारण आता होमबली फक्त यहोवालाच द्यायचे आहेत. शिवाय एक सवलत: राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. सुंता कर म्हणत नाही, इथे राहा म्हणत नाही. नामान अरामी म्हणून येतो आणि यहोवाचा भक्त असलेला अरामी म्हणून परत जातो. त्यात कुणाला काही अडचण वाटलेली दिसत नाही.

आता दुसरे टोक. यहोशवाच्या सातव्या अध्यायात आखानाची वंशावळ लेखकाने अगदी व्यवस्थित दिली आहे: यहूदाचा वंश, जेरह, जब्दी, कर्मी, मग आखान. कुळात खोट नाही. हा माणूस यरीहोच्या देवाला वाहिलेल्या, म्हणून वर्ज्य असलेल्या लुटीतला एक झगा, दोनशे शेकेल रुपे आणि सोन्याची वीट डेऱ्यात पुरून ठेवतो, आणि अखोरच्या खोऱ्यात लोक त्याला दगडमार करतात. त्याच्या लगेच आधीच्या अध्यायात राहाब ही यरीहोची कनानी वेश्या आपल्या आईबाप-भावंडांसह वाचते आणि ‘आजपर्यंत इस्राएलात राहत आहे’ असे लेखक नोंदवतो. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आल्या त्या योगायोगाने, असे मला वाटत नाही.

पण घाई करू नका. याच अध्यायातले ‘इस्राएलाने पाप केले आहे’ हे वाक्य पुढे बाबिलोनी तालमूद या यहूदी शास्त्रचर्चेच्या ग्रंथातल्या एका पंडिताने उचलले आणि निष्कर्ष काढला की पाप केले तरी तो इस्राएलच. म्हणजे ज्या आखानाकडे बोट दाखवून आपण ‘नुसते रक्त चालत नाही’ म्हणतो, त्याच्याच गोष्टीतून जन्माने मिळालेली ओळख पुसता येत नाही हे तत्त्व निघाले. आखानाला जी शिक्षा झाली ती देवाने इस्राएलाशी केलेल्या करारातल्या माणसाची होती. करार मोडायला आधी करारात असावे लागते.

गिबोनी लोकांचे तिसरेच (यहोशवा ९). शिळ्या भाकरी आणि फाटके जोडे दाखवून ‘आम्ही फार दुरून आलो’ असे भासवतात, तह करून घेतात, आणि लाकूडतोडे-पाणके म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इस्राएलात राहतात. तरी शौल राजानंतरच्या काळाबद्दल लिहिताना २ शमुवेल २१ स्पष्ट सांगते की ते इस्राएलांपैकी नव्हते. शेजारी राहणे, तहात असणे, वेदीसाठी पाणी वाहणे, एवढ्यानेही भागत नसे.

मग कशाने भागे? निर्गम १२ वाचा. इस्राएली लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ‘मिश्र समुदाय’ही निघाला, असे ३८व्या ओवीत आहे. लगेच पुढे वल्हांडणाचा, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या भोजनाचा नियम: परक्याने तो खाऊ नये, मजुराने खाऊ नये. पण विकत घेतलेल्या दासाची सुंता झाली असेल तर त्याने खावा. आणि जवळ राहणाऱ्या उपऱ्याला सण पाळायचा असेल तर त्याने घरातल्या सगळ्या पुरुषांची सुंता करावी, मग तो देशात जन्मलेल्यासारखा. देशात जन्मलेल्याला आणि उपऱ्याला एकच नियम. इथे मनात काय मानतोस असे कुणी विचारत नाही. विचारले जाते ते घर, शरीर आणि ताट यांच्याबद्दल. ‘श्रद्धा’ हा आपला आजचा शब्द, एकट्या माणसाच्या अंतःकरणातली गोष्ट या अर्थाने, या पानावर बसत नाही. दासाला तर कुणी विचारलेलेही नसणार. उत्पत्ती १७ मध्ये अब्राहाम घरात जन्मलेल्या आणि पैसे देऊन घेतलेल्या सगळ्या पुरुषांची त्याच दिवशी सुंता करतो.

त्याच अध्यायात एक मेख आहे. इश्माएल अब्राहामाचा सख्खा मुलगा, तेराव्या वर्षी त्याचीही सुंता होते, आणि तरी करार इसहाकाबरोबर. म्हणजे रक्तही आहे, खूणही आहे, पण निवड दुसऱ्याची. पुढे इसहाकाचे मुलगे एसाव आणि याकोब तर जुळे. वंशाचा सिद्धांत पक्का असता तर अदोमी लोकही, म्हणजे एसावाचे वंशज, इस्राएलच ठरले असते. आणि सुंता म्हणजे सरसकट परवाना समजू नये म्हणून उत्पत्ती ३४ आहे: याकोबाची मुलगी दीना हिच्यावरच्या अत्याचाराच्या प्रकरणात शखेमकरांना ‘सुंता करा, मग आपण एक लोक होऊ’ असे सांगितले जाते, ते करतात, आणि तिसऱ्या दिवशी वेदनेने विव्हळत असताना तिचे भाऊ शिमोन आणि लेवी त्यांची कत्तल करतात.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळी रीत होती. राजांच्या काळात आणि त्याआधीच्या कथांत वंश बापाकडून मोजला जातो. योसेफाची बायको आसनथ ही ओनच्या पुरोहिताची मुलगी, पण तिचे मुलगे मनश्शे आणि एफ्राईम म्हणजे दोन अख्खे वंश. मोशेची सिप्पोरा मिद्यानी. शलमोनाचा वारस रहबाम, त्याची आई नामा अम्मोनी, आणि राजांच्या पुस्तकात हे कोरडेपणाने नोंदवले आहे, गादीवरच्या हक्काबद्दल शंका नाही. उलट लेवीय २४ मधल्या छावणीत भांडण करणाऱ्या तरुणाची आई दान वंशातली इस्राएली आणि बाप मिसरी, तर मजकूर त्याला ‘इस्राएली स्त्रीचा मुलगा’ म्हणतो आणि समोरच्याला ‘इस्राएली पुरुष’. आईवरून यहूदीपण ठरवण्याचा नियम आपल्याला इ.स. २०० च्या सुमाराच्या मिश्नात, म्हणजे यहूदी नियमांच्या संग्रहात, भेटतो, तो अब्राहामाच्या काळात नेऊन बसवू नये.

आता वंशावळींकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातले सुरुवातीचे नऊ अध्याय लोक गाळतात. गाळू नका. कालेब घ्या. कनान देश हेरायला गेलेल्या बारांपैकी तो यहूदा वंशाचा प्रतिनिधी (गणना १३). पण गणना ३२ आणि यहोशवा १४ त्याला ‘कनिज्जी’ म्हणतात, आणि कनज हा उत्पत्ती ३६ प्रमाणे एसावाचा नातू, म्हणजे नाते अदोमाकडचे. यहोशवा १५ म्हणते की कालेबाला ‘यहूदाच्या लोकांमध्ये’ वाटा दिला, जणू तो मुळात त्यांच्यातला नाही. इतिहासाच्या पुस्तकात मात्र त्याचे नाव यहूदाच्या वंशावळीत बसलेले आहे. याच वंशावळीत (१ इतिहास २) शेशान नावाच्या माणसाला मुलगे नाहीत, तो आपली मुलगी यरहा नावाच्या मिसरी दासाला देतो, आणि त्या जोडप्याची तेरा पिढ्यांची ओळ यहूदात मोजली जाते. बाप मिसरी असून. म्हणजे बापाकडून वंश हा नियमही गरज पडली की वाकत होता.

ओबेद-अदोमाचे उदाहरण मला सगळ्यात आवडते. २ शमुवेल ६ मध्ये तो गित्ती आहे. गथ म्हणजे पलिष्ट्यांचे नगर, गल्याथाचे गाव. कराराच्या कोशाला, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेल्या पवित्र पेटीला, हात लावून उज्जा मेल्यावर घाबरलेला दावीद तो कोश याच्या घरी ठेवतो, तीन महिने. इतिहासाच्या पुस्तकात हाच लेव्यांच्या, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशाच्या, यादीत द्वारपाळ आणि वादक म्हणून दिसतो, आणि २६व्या अध्यायात त्याच्या घराण्यातले बासष्ट कर्तबगार पुरुष मंदिराच्या सेवेत आहेत. परंपरेतले भाष्यकार म्हणतात, हा गथ-रिम्मोन या लेव्यांच्या नगराचा असेल. असेलही. मला मात्र वाटते की कोश सांभाळलेल्या घराला पुढच्या पिढ्यांनी लेव्यांत स्थान दिले आणि लिहिणाऱ्याने ते मान्य केले. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात दत्तक आलेला मुलगा दोन पिढ्यांनी वेगळा ओळखूही येत नाही, तसेच काहीसे. त्याला कुणी खोटारडेपणा म्हणत नाही. वंशावळ म्हणजे ‘हे आमचे’ असे जाहीर करण्याची भाषा होती.

प्रत्येकाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. उरीया हित्तीच्या नावातच यहोवाचे नाव आहे, कोश आणि सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन झोपणार नाही असे म्हणण्याइतका तो निष्ठावान आहे, आणि तरी मरेपर्यंत ‘हित्ती’. रूथ ‘तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव’ म्हणते. क्रम पाहा, आधी लोक. नंतर शेतात, वेशीवरच्या व्यवहारात तिला मवाबीणच म्हटले जाते. पण तिचा मुलगा ओबेद, नातू इशाय, पणतू दावीद. अनुवाद २३ मध्ये तर लिहिले आहे की मवाबी दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, यावर तोड काढली की नियम मवाबी पुरुषाला आहे, स्त्रीला नाही. तोड काढावी लागली यावरूनच दोन ग्रंथांतला ताण कळतो.

हा ताण सगळ्यात उघडा पडतो एज्रा हा शास्त्री आणि नहेम्या हा अधिकारी यांच्या काळात, इ.स.पू. पाचव्या शतकात. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांपैकी काहींनी देशातल्या लोकांच्या मुली केल्या आहेत, ‘पवित्र बीज’ मिसळले गेले आहे, असे ऐकून एज्रा वस्त्रे फाडतो, केस उपटतो. नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी लोक मंदिरासमोरच्या चौकात पावसात कुडकुडत बसलेले, आणि बायका-मुलांना पाठवून देण्याचा ठराव होतो. शेवटी दोषी पुरुषांची यादी, शंभरावर नावे, त्यांत पुरोहितही. विरोध करणाऱ्या दोघांची नावेही पुस्तकाने जपली आहेत, योनाथान आणि यहज्या. नहेम्या तर मुलांना यहूदी भाषा येत नाही, अश्दोदी येते, म्हणून बापांना मारतो आणि त्यांचे केस उपटतो.

‘पवित्र बीज’ ही कल्पना नवी आहे. अनुवाद ७ मध्ये कनानी राष्ट्रांशी सोयरिकीला बंदी आहे, पण कारण दिले आहे ते देवभक्तीचे: त्या मुली तुमच्या मुलांना दुसऱ्या देवांकडे वळवतील. एज्रात कारण शरीरात शिरले. बीज पवित्र, म्हणून मिश्रण म्हणजे विटाळ. मुली यहोवाला मानतात का, असे कुणी विचारतच नाही. शिवाय यादीत हित्ती, परिज्जी, यबूसी आहेत, जे लोक त्या काळी वेगळे असे उरलेलेही नव्हते. जुन्या नावांची लेबले नव्या शेजाऱ्यांना लावलेली आहेत, आणि त्या शेजाऱ्यांत बंदिवासात न गेलेले यहूदाचेच लोक बरेच असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. राजा नाही, सैन्य नाही, पारसी साम्राज्यातला यहूद नावाचा एक चिमुकला प्रांत, मंदिर आणि जमिनीवर हक्क कुणाचा यावर वाद. अशा वेळी वंशावळ म्हणजे सातबारा होता.

तरी एज्राचे पुस्तक एकसुरी नाही. दुसऱ्या अध्यायात दलाया, तोबीया आणि नकोदा यांच्या घराण्यांतल्या ६५२ जणांना आपण इस्राएलचे आहोत हे सिद्ध करता आले नाही, आणि तरी ते परतणाऱ्यांच्या यादीत आहेत. अडवले ते फक्त पुरोहितांना, ज्यांची नावे नोंदवहीत सापडली नाहीत. सहाव्या अध्यायात वल्हांडण कोण खातात? बंदिवासातून परतलेले, आणि देशातल्या राष्ट्रांच्या अशुद्धतेपासून वेगळे होऊन यहोवाला शरण आलेले सगळे. दार बंद करणारे आणि दार उघडणारे वाक्य एकाच पुस्तकात. यशया ५६ तर परदेशी माणसाच्या तोंडचे ‘परमेश्वर मला आपल्या लोकांतून वेगळा काढील’ हे भयच खोडून काढते: शब्बाथ पाळणारा, करार धरून राहणारा परका माझ्या डोंगरावर येईल, त्याचे बली स्वीकारले जातील. रूथचे पुस्तक एज्राला उत्तर म्हणून लिहिले गेले असे अनेक जण म्हणतात. ते सिद्ध करता येण्यासारखे मला वाटत नाही. यशयाच्या या उताऱ्याबद्दल मात्र असे म्हणायला मी तयार आहे की त्याच्या कानावर हाच वाद होता.

त्याच शतकात, आस्वानजवळ नाईलमधल्या एलेफंटाईन बेटावर यहूदी शिपायांची वसाहत होती, त्यांचे स्वतःचे मंदिर होते. तिथल्या पपायरसांत इ.स.पू. ४४९ चा एक विवाहकरार आहे: मंदिराचा सेवक अनन्या आणि तामेत ही मिसरी दासी. त्यांच्या मुलीच्या नावात यहोवाचे नाव आहे. एज्राने हे पाहिले असते तर वस्त्रे पुन्हा फाडली असती.

संदेष्ट्यांनी तर वंशाच्या अभिमानाला थेट हात घातला. यहेज्केल यरुशलेमेला सांगतो, तुझा बाप अमोरी, तुझी आई हित्ती. आमोस विचारतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाहीत काय? यावरून ‘वंश निरर्थक’ असा निष्कर्ष काढणारे एक विसरतात: ही घरातल्या माणसाने घरातल्यांना घातलेली शिवी आहे.

पुढचे थोडक्यात. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हिर्कानस या यहूदी राज्यकर्त्याने अदोमी लोकांना जिंकून सुंता करा नाहीतर निघा असे सांगितले, आणि त्यांच्यातूनच हेरोदाचे घराणे आले. हेरोदाला विरोधकाने ‘अर्धा यहूदी’ म्हटल्याचे पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो. मिश्नात उलट आठवण आहे: हेरोदाच्याच घराण्यातला राजा अग्रिप्पा लोकांसमोर नियमशास्त्र वाचताना ‘परक्याला राजा करू नको’ या वाक्याशी येऊन रडू लागला, तेव्हा लोक म्हणाले, भिऊ नकोस, तू आमचा भाऊ आहेस. त्याच मिश्नात धर्मांतरित माणूस प्रथमफळे आणतो पण ‘आमच्या पूर्वजांना शपथेने दिलेला देश’ हे वाक्य म्हणत नाही, कारण पूर्वज त्याचे नाहीत. बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहूदी पंडिताने ओबद्या नावाच्या धर्मांतरिताला लिहिले की बिनदिक्कत म्हण, अब्राहाम तुझाही बाप. एका वाक्यावर हजार वर्षे वाद चालला.

मराठी वाचकांना हा वाद परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांनी शब्बाथ (शनिवारचा विसावा), सुंता आणि शमा ही प्रार्थना शतकानुशतके जपली, शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्या आतही गोरे आणि काळे असा रोटीबेटीचा भेद होता आणि तो बाहेरच्या स्त्रीशी झालेल्या संबंधाच्या आठवणीवर उभा होता. इस्राएलला गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीपीठाने त्यांच्या लग्नांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. आंदोलने झाली, ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहूदी आहेत असे जाहीर केले, आणि मग आदेशातून त्यांचे नाव वगळले गेले. एज्राचा दुसरा अध्याय आणि सहावा अध्याय पुन्हा समोरासमोर.

राहिला पौल. सुरुवातीच्या प्रश्नातले त्याचे वाक्य, रोमकरांस ९:६, सुटे वाचू नका. तिथे तो इस्राएलाच्या आतली निवड सांगतो आहे, आणि उदाहरणे घेतो ती इसहाक-इश्माएल आणि याकोब-एसाव यांची, म्हणजे वर आलेलीच. अकराव्या अध्यायात तो स्वतःची ओळख बन्यामीन वंशाचा म्हणून देतो, आणि ‘तुम्हा परराष्ट्रीयांना सांगतो’ असे म्हणून रानटी जैतुनाच्या कलमाचा दाखला देतो. कलम झाडाला लागले, मुळाचा रस त्याला मिळतो, पण पौल त्या फांद्यांना इस्राएल म्हणत नाही. गलतीकरांस ३ मध्ये तो त्यांना अब्राहामाची संतती म्हणतो, तिथेही इस्राएल म्हणत नाही. ‘देवाचे इस्राएल’ हा शब्दप्रयोग गलतीकरांस ६:१६ मध्ये एकदाच येतो, आणि त्यात विश्वासी यहूदी अभिप्रेत आहेत की सारी मंडळी, यावर अजून एकमत नाही. ख्रिस्ती मंडळी हेच खरे इस्राएल, असे उघड विधान दिसते ते दुसऱ्या शतकाच्या मध्यास, जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर: पौलाच्या हिशेबाने तुम्ही अब्राहामाच्या घरात आलात, वारसही झालात. पण इस्राएल हे नाव त्याने ज्यांच्यासाठी राखून ठेवले त्यांच्याबद्दल तो अकराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत ‘ते’ असेच बोलतो.